पिल्लू नंतर, आधी त्याची आई बघा

नमस्कार ताई,

आम्ही जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, सासूबाई आणि दोन मुलं. थोरली आठ वर्षांची, धाकटा पाच. गेलं वर्षभर पोरीने मांजराचा हट्ट धरलाय. माझ्या भावाचा शहराच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना आहे. तिथे सुताच्या पोत्यांमागे एका मांजरीने चार पिल्लं घातलीत, महिना झाला असेल. दादा म्हणतो, शुक्रवारपर्यंत पाहिजे ती उचला, नाहीतर कामगार पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येतील. एखादं यंत्रमागाखाली आलं तर नसती आफत. ह्यांचं वेगळंच. त्यांनी मोबाईलवर पांढऱ्याशुभ्र, निळ्या डोळ्यांच्या पर्शियन पिल्लाची जाहिरात बघितलीय, पुण्याहून ट्रॅव्हल्सने पाठवतात म्हणे. सासूबाई म्हणतात, मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो. धाकट्याला थंडीत छातीत घरघर होतेच. त्यात आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, मग त्याला घालणार काय? शिवाय चारातलं एक पिल्लू काळं आहे आणि पोरीला नेमकं तेच आवडलंय. आणावं की नाही, आणलं तर कुठलं, आणि एक की दोन?

– एक आई, जुळे सोलापूर

ताई, आधी शुक्रवारचं बघू. बाकीच्या प्रश्नांना महिनाभर वेळ आहे, त्याला नाही.

दादांना आजच फोन करा. सांगा, पिल्लं न्यायची नक्की, पण आत्ता नाही, अजून चार-पाच आठवड्यांनी. तोवर पिल्लांना त्यांच्या आईसकट मागांपासून लांब एक खोली हवी. पूर्व भागात पुष्कळ ठिकाणी खाली माग आणि वर घर असतं. दादांचं तसं असेल तर जिन्याखालची खोली किंवा न वापरातली मोरीसुद्धा चालेल. सूत ठेवायची खोली मात्र नको, त्याचं कारण पुढे सांगते. पुठ्ठ्याचं मोठं खोकं आडवं ठेवायचं, आत जुनी चादर, बाजूला पाणी, खाणं आणि एका घमेल्यात वाळू. आई आणि पिल्लं एकाच फेरीत हलवायची आणि दोन दिवस दार लावून ठेवायचं. मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते उगाच नाही. जागा सुरक्षित वाटली नाही की ती रात्रीतून एकेकाला तोंडात धरून हलवते. आधी पिल्लं नेऊन ठेवली आणि आई मोकळी राहिली, तर सकाळी खोकं रिकामं मिळेल.

दादा कुरकुरले तर दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाला. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा जागी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे त्यांना पटेलच असं नाही, पण दुसरी गोष्ट पटेल. मांजर हाकलली की उंदीर येतात, आणि उंदराला घरटं करायला गुंडाळलेल्या सुताइतकी मऊ गोष्ट दुसरी कुठली मिळणार? ती मांजरी त्यांच्याकडे बिनपगारी वॉचमन आहे.

आता महिन्याभराची पिल्लं आत्ताच का आणायची नाहीत ते सांगते. खरं तर ती महिन्याची आहेत का, तेच आधी बघा. कारखान्यातल्या 'महिना झाला असेल' वर माझा विश्वास नाही. तोंड हळूच उघडून बघा. नुसते पुढचे दाणे फुटलेत तर तीन-चार आठवडे, मागच्या दाढाही दिसल्या तर सहाच्या पुढे. दुसरा उपाय सोपा आहे. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डबा ठेवून त्यात पिल्लू ठेवायचं. जन्मतः १०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि दर आठवड्याला साधारण तेवढंच वाढतं. म्हणजे महिन्याला ४०० ते ४५०, दोन महिन्यांना ८०० ते ९००. बाकीची तीन ४०० भरली आणि एक २५०, तर ते चौथं दुधाला मागे पडतंय, त्याच्याकडे डॉक्टरांचं लक्ष हवं. दर रविवारी मुलीला वजनं वहीत लिहायला लावा. गणिताचा अभ्यास वेगळा घ्यायला नको.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. दहा-बारा मिळाले तर उत्तम. हे फक्त दुधासाठी नाही. मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत अशी म्हण आहे आपल्याकडे, पण पिल्लाचे दात लागतात, आणि किती जोरात चावल्यावर समोरचा ओरडतो हे ते भावंडांशी मारामारी करूनच शिकतं. जास्त झालं की आई पंजा मारते, भाऊ खेळ सोडून निघून जातो. चार आठवड्यांचं उचलून आणलेलं पिल्लू हे शिकलेलंच नसतं. ते शिकवायला मग तुमच्या धाकट्याची बोटं उरतात.

पण थांबायचं म्हणजे हात बांधून बसायचं नाही. दोन ते सात आठवडे या काळात ज्या माणसांचा वास, आवाज, हात मिळतो, ती पुढे आयुष्यभर 'आपली' वाटतात. हा काळ निघून गेला की पिल्लू माणसाला बुजतं आणि मग ते माणसाळवायला महिने जातात. म्हणजे तुमचा खरा मुहूर्त आत्ताचा आहे, घरी आणायचा नव्हे, भेटायला जायचा. आठवड्यातून दोनदा मुलांना घेऊन जा. जमिनीवर मांडी घालून बसायचं, पंधरा-वीस मिनिटं, हळू आवाजात बोलायचं, आलं तर हात लावायचा, नाही आलं तर नाही. आई गुरगुरली तर त्या दिवशी लांबूनच. आणि एक फायदा तुम्हाला फुकट मिळालाय. मागाच्या खटखटाटात जन्मलेल्या पिल्लाला कुकरची शिट्टी काहीच वाटत नाही.

या भेटींत पिल्लांपेक्षा जास्त त्यांच्या आईकडे बघा. माझ्याकडे मांजर घ्यायचंय म्हणून विचारायला येणाऱ्यांपैकी दहातले नऊ जण पिल्लांचे फोटो दाखवतात, आईचा एकही नसतो. ती माणसांत येते का? जेवायला घालणाऱ्या कामगाराच्या पायाशी घोटाळते की ताटली ठेवून लांब गेल्याशिवाय येत नाही? डोळ्यांतून पाणी, सतत शिंका, अंगावर चट्टे? लाजरी असली तरी चालेल, पण माणूस दिसताच जी पोत्यांवरून उडी मारून पसार होते, तिची पिल्लं तेच बघून शिकतात. थोडा धीटपणा बापाकडूनही येतो म्हणतात, पण त्याचा पत्ता कुणालाच नसतो. कामगारांनाही एक विचारा, याआधी तिथे उलट्या-जुलाब होऊन पिल्लं मेली होती का? पॅनल्युकोपेनिया नावाचा रोग त्याच लक्षणांचा, आणि त्याचा विषाणू जागेत वर्षभरही टिकतो. तसं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. (विचारताना 'पिल्लू' म्हणालात आणि समोरच्याने मोठ्या मांजरीकडे बोट दाखवलं तर हसू नका. तिथे अनेकांची घरची भाषा तेलुगू, आणि तेलुगूत 'पिल्लि' म्हणजे मांजरच.)

निवड सातव्या-आठव्या आठवड्यात. दोन वेगवेगळ्या दिवशी जा, कारण नुकतंच पोट भरून पेंगलेलं पिल्लू सगळ्यांना गरीब गाय वाटतं. जमिनीवर बसा आणि हात पुढे करू नका. एक धावत येऊन ओढणीला लटकेल, एक थोडं थांबून, वास घेत, पाऊलभर पुढे पाऊलभर मागे करत येईल, एक कोपऱ्यात बसून बघत राहील. लोक पहिलं उचलतात. लहान मुलांच्या घरासाठी मी दुसरं उचलेन. मग एक चमचा फरशीवर पाडा. सगळी दचकतील, ते बरोबरच आहे. दचकल्यावर अर्ध्या मिनिटात चमच्याकडे बघायला कोण येतं ते महत्त्वाचं. शेवटी उचलून छातीशी धरा आणि दहा अंक मोजा. आधी अंग ताठ होईल, मग सैल पडलं तर जमलं. दहा होईपर्यंत फिस्कारत, नखं काढून झगडत राहिलं तर त्याला अजून वेळ आणि अनुभवी घर हवंय.

तब्येतीचं बघताना वरून खाली जा. डोळे स्वच्छ, कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला नको. नाक कोरडं किंवा ओलसर कसंही असो, वाहतं नको. कानात चहाच्या चोथ्यासारखं काळं काही दिसलं तर कानातले किडे. पाठीचा कणा हाताला टोचतो आणि पोट मात्र ढोलकीसारखं तट्ट, तर जंत. शेपटी उचलून खाली बघा, घाण चिकटलेली नको. बारीक फणीने पाठ विंचरा आणि जे पडेल ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. काळे कण भोवती तांबूस ओघळ सोडायला लागले तर ती साधी धूळ नाही, पिसवांची घाण आहे, म्हणजे पिल्लाचंच पचलेलं रक्त. गोल टक्कल दिसलं तर गजकर्ण असू शकतं आणि ते मुलांना लागतं. यातलं काहीही असलं म्हणून पिल्लू नापास होत नाही, सगळ्यावर औषध आहे. पण औषध आधी, घर नंतर. सुस्त पडलेलं, न खाणारं पिल्लू तर लगेच दवाखान्यात न्या, पण 'बिचारं' म्हणून मुलांसाठी तेच निवडू नका. पहिलंच मांजर आठवड्यात गेलं तर आठ वर्षांच्या मुलीला ते झेपत नाही.

नर की मादी हे शेपटीखाली बघून कळतं. नराचे दोन ठिपके विसर्गासारखे, अंतर राखून, मादीचं जवळजवळ, उलट्या उद्गारचिन्हासारखं. तिरंगी असेल तर बघायचीही गरज नाही, ती जवळपास नेहमीच मादी. भगवं बहुतेक वेळा बोका. पण पिल्लं न होण्याचं ऑपरेशन दोघांचंही करायचंच आहे, म्हणून यावर घरात वाद घालू नका.

काळ्याचं काय? पोरीला आवडलंय, वरच्या परीक्षेत पास झालं, तर काळंच आणा. सासूबाईंना म्हणावं, घरातलं मांजर दिवसातून पन्नास वेळा आडवं जातं, किती वेळा परत फिरणार? फक्त रात्री लाईट गेली की पाय जपून टाका.

आता ह्यांच्या पर्शियनकडे. जाहिरातीत 'पंच फेस', 'डॉल फेस', 'ट्रिपल कोट' असे शब्द असतीलच. ही विक्रीची भाषा आहे. पंच फेस म्हणजे नाक चेहऱ्यात दाबलेलं. अशा मांजरांना श्वास घ्यायला त्रास, अश्रूंची नळी वाकडी म्हणून डोळे कायम ओले, आणि लांब केसांचा कोट रोज विंचरला नाही तर आठवड्यात त्याच्या जटा. मेमध्ये आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, लाईट कधी जाईल याचा नेम नाही, आणि मांजर धापा टाकत कूलरच्या तोंडाशी. पर्शियन घराण्यात मूत्रपिंडात गाठी होण्याचा आनुवंशिक रोगही आहे. निळ्या डोळ्यांच्या पांढऱ्या मांजरांत बहिरेपण बरंच असतं. आणि इथेच एक गोम आहे. सहा-सात आठवड्यांपर्यंत सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात, काळ्या-भगव्यांचेसुद्धा. तेव्हा जाहिरातीतले ते निळे डोळे जातीचे आहेत की वयाचे, हे विचारायला नको का?

ट्रॅव्हल्सने पिल्लू मागवू नका. 'अॅडव्हान्स टाका, गाडीत बसवतो' म्हणणाऱ्याकडे कदाचित मांजरच नसतं. आणि असलंच, तर अडीचशे किलोमीटर खोक्यात बसून आलेलं, आई न बघितलेलं, लस दिली की नाही याचा कागद नसलेलं पिल्लू तुम्ही सोलापूर स्टँडवर उतरवून घेणार. दुकानातून घ्यायचं असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे त्या दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा, ते भिंतीवर असायला हवं. ह्यांचा जीव पर्शियनवरच असेल तर स्वतः जाऊन आई बघू दे, किंवा शहरातल्या दोन-तीन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे सांगून ठेवा. हौसेने घेतलेली आणि विंचरून कंटाळलेल्यांनी द्यायला काढलेली मोठी पर्शियन मांजरं त्यांना माहीत असतात. मोठ्या मांजराचा स्वभाव तरी समोर दिसतो.

धाकट्याच्या छातीचा मुद्दा मला सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. सासूबाईंचं निदान चुकलंय, भीती नाही. केस पोटात गेल्याने दमा होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, अंग चाटताना ते केसांना लागतं, वाळून हवेत उडतं, आणि ज्याला त्याची अॅलर्जी आहे त्याला शिंका, खाज, घरघर. केसाळ-बिनकेसाळ, देशी-विदेशी, कुठलंही मांजर याला पूर्ण अपवाद नाही. म्हणून धाकट्यालाही प्रत्येक भेटीला न्या. पण बसवायचं कारखान्यात नाही. तिथली सुताची धूळ कुणाच्याही छातीला त्रास देते, मग दोष मांजराचा की मागाचा ते कळणार नाही. पिल्लं जिथे हलवलीत त्या खोलीत, दार लावून, अर्धा तास, अशा चार-पाच भेटी. रात्री आणि दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवा आणि त्याच्या डॉक्टरांना आधीच सांगा. घरघर झाली तर पिल्लू नाही. वाईट वाटेल, पोरगी रडेल. पण आणून सहा महिन्यांनी परत द्यावं लागलं तर दोघंही रडतील, आणि मांजर तिसरं.

खाण्याचं स्पष्ट बोलते. मांजर मांसाहारीच आहे, मनाने नव्हे, शरीराने. टॉरीन नावाचा एक घटक तिला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की हृदय मोठं होतं आणि नजर जाते. दूध-पोळीवर मांजर जगत नाही, तग धरते. 'आमच्या आजीकडची मांजर दूध-भाकरीवरच होती' हे मला प्रत्येक जण सांगतो. बरोबर आहे, आजीने भाकरी घातली आणि उरलेलं जेवण तिने धान्याच्या कोठीमागे केलं. तुमच्या दुसऱ्या मजल्यावर कोठी नाही. गायी-म्हशीच्या दुधाने तर पुष्कळ पिल्लांना हगवण लागते. मधला मार्ग म्हणजे पिल्लांसाठीचं तयार कोरडं खाणं. त्यातही मांस असतंच, फक्त दिसत नाही. वेगळा डबा, वेगळी वाटी, गॅलरीजवळची जागा. सासूबाईंना हे आधी सांगा, लपवून नको. त्यांना अजिबात चालणार नसेल तर त्यांचा मान ठेवा आणि मांजर आणू नका. शाकाहारी घरात ससा सुखाने राहतो.

एक की दोन? तुमच्या घरात मी दोन म्हणेन, आणि ती भावंडं. दिवसभर मुलं शाळेत, पिल्लू एकटं, मग संध्याकाळी सगळी मस्ती धाकट्याच्या पिंढरीवर निघते. दोन असली की ती एकमेकांना दमवतात. पण खाणं दुप्पट, लस दुप्पट, ऑपरेशन दुप्पट, हा हिशेब ह्यांच्यासमोर मांडा. जमत नसेल तर एक घ्या आणि रोज पाऊण तास त्याच्याशी खेळा. उरलेल्या दोघांसाठी कामगारांत, शेजारी विचारून ठेवा. दयेपोटी चारही आणू नका, तुम्हाला झेपणार नाही.

आता सुताचं. बरीच वर्षं झाली, मीही एक पिल्लू मागावरूनच आणलं होतं, राखाडी पट्ट्यांचं. सुताच्या गुंडीशी खेळताना इतकं गोड दिसायचं की मीच त्याला सूत गुंडाळायच्या, जवळपास रिकाम्या कांड्या आणून द्यायचे, थोडं सूत ठेवून. एक दिवस ते जेवेना, उलट्या काढू लागलं. तोंडातून वीतभर धागा लोंबत होता. मी तो ओढला. निघेना म्हणून आणखी ओढला. डॉक्टरांनी जबडा उघडून दाखवलं, धाग्याचा फास जिभेखाली अडकला होता आणि दुसरं टोक पार आतड्यात. नेफ्यातली नाडी ओढली की कापड कसं गोळा होतं, तसं आतडं गोळा झालं होतं, आणि माझ्या ओढण्याने धागा आत कापत गेला होता. ते वाचलं नाही. म्हणून सूत, लोकर, गजऱ्याचा दोरा, संक्रांतीतला मांजा, शिवणाच्या डब्यातली सुई-दोरा, सगळं बंद डब्यात. मांजराची जीभ काट्यांची असते, धागा तोंडात गेला की तिला थुंकता येत नाही, आतच ढकलला जातो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच उचलून डॉक्टरकडे.

दुसरा धोका आपल्या गावचा. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून प्रत्येक मोरीत बॅरल. अर्ध्या भरलेल्या प्लॅस्टिकच्या बॅरलला आतून नखं लागत नाहीत, पिल्लू पडलं की वर येता येत नाही. पाणी आलं की धावपळीत झाकणं उघडी राहतात, तेव्हा पिल्लू खोलीत कोंडूनच ठेवा. गॅलरीला जाळी आणण्यापूर्वीच लावा. फिनाईलने पुसलेल्या फरशीवरून चालून पाय चाटले तरी विषबाधा होते. आणि ताप आल्यासारखा वाटला म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, मांजराला अर्धी गोळीही जीवघेणी ठरते.

घरी आणण्याच्या दिवशी वाटेतच डॉक्टरकडे जायचं. जंताचं औषध, आठव्या आठवड्याला पहिली लस, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळाव्या आठवड्यापर्यंत, आणि तीन महिन्यांना रेबीजची. ओरखडा किंवा चावा, कितीही बारीक असो, साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. मुलांना सांगून ठेवा की लपवलं तर ओरडा मिळेल, सांगितलं तर नाही.

मांजर पंधरा वर्षं जगतं. तुमची पोरगी तेव्हा तेवीस वर्षांची असेल, आणि वाळूचं घमेलं तुम्ही साफ करत असाल. मेमध्ये गावाला जाताना खाणं घालायला कोण येणार, हेही आत्ताच ठरवा.

आणि राहिली पिल्लांची आई. तुम्ही दोन पिल्लं न्याल, दादा सुटकेचा श्वास सोडतील, आणि पावसाळ्यात त्याच पोत्यांमागे आणखी चार. मांजर पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते, गाभण राहिल्यापासून नऊ आठवड्यांत विते, आणि तिच्या मुली चार-पाच महिन्यांच्या झाल्या की त्याही. फुकट पिल्लाची किंमत म्हणजे त्याच्या आईचं ऑपरेशन, असं मी धरून चालते. पिल्लांचं दूध सुटलं की तिला झाकणाच्या टोपलीतून डॉक्टरकडे न्या, निम्मा खर्च तुमचा, निम्मा दादांचा. तुमच्या पिल्लांचं चार-पाच महिन्यांना. आईला ऑपरेशननंतर आठवडाभर खोलीत ठेवून मग कारखान्यातच परत सोडा. वॉचमन आहे ती तिथली, कायम राहू दे.

आज दादांना फोन केलात की एक काम मुलीवर सोपवा. घरातला एक जुना सोलापुरी टॉवेल घ्यायचा, दोन्ही टोकांच्या दशा कात्रीने साफ कापून कडा दुमडून शिवून टाकायच्या, आणि पहिल्याच भेटीत तो त्या खोक्यात मांजरीच्या अंगाखाली घालायचा. पिल्लं आणाल तेव्हा तो न धुता घेऊन या आणि त्यांच्या झोपायच्या जागी अंथरा. पहिल्या दोन-तीन रात्री ती आईच्या नावाने रडतील, तेव्हा टॉवेलला तिचाच वास असेल. सासूबाई धुवायला काढतील, त्यांना आधी सांगून ठेवा.